शुक्रवारचं पाणी

हकनझरच्या उंबऱ्यात उभं राहिलं की खालच्या अंगाला बावीस पॉपलर दिसत. त्यानेच लावलेले. आणि नऊ वर्षं झाली, त्यातल्या एकाच्याही खोडाला त्याला हात लावता आला नव्हता.

सरजूय गावची रीतच आहे. घरात मुलगा झाला की बाप आधी कुदळ उचलतो, मग बाळ. पॉपलरच्या फांद्या ओळीने रोवायच्या, पोरगा आणि झाडं एकदम वाढवायची, आणि पोरगा लग्नाला आला की तीच झाडं तोडून त्याच्या घराचं आढं-तुळया करायच्या. सियोवुश जन्मला तेव्हा हकनझरने शेताच्या पार खालच्या टोकाला, पाटाचं उरलंसुरलं पाणी जिथे झिरपतं तिथे, बावीस फांद्या रोवल्या. फांद्या दिल्या होत्या खालच्या तेरेकली गावच्या एसेनकुलने, कारण त्याच्या परसाची मागची भिंत तिथेच लागते. देताना म्हणाला होता, "घे. पण पाणी नीट घाल हो. तुम्हा वरच्या लोकांना पाणी फुकटात मिळतं, म्हणून किंमत नाही." तेव्हा सीमा होती का? असेल. कुठल्या तरी कचेरीतल्या कागदावर असेल. झाडांखाली तरी कुणी पाहिली नव्हती.

सरजूयचं सगळंच जगावेगळं. गाव एका देशाचं आणि चारी बाजूंनी दुसरा देश. दळण आणायला परदेश, सासुरवाडीला परदेश, आज्याच्या कबरीवर फातिहा म्हणायलाही परदेश. लोक त्यावर हसत आणि आपल्या कामाला लागत. मग नऊ वर्षांमागे एका पंपावरून वरच्यांची आणि खालच्यांची जुंपली. आधी शिव्या, मग दगड, मग आग. हकनझरच्या मेहुण्याचं दुकान जळलं, एसेनकुलची वैरणीची गंजी जळली, आणि कुणी काय जाळलं हे शपथेवर सांगायला दोन्हीकडे शंभर-शंभर साक्षीदार. चौथ्या दिवशी शिपाई आले. हद्द नेमकी कुठे ते त्यांना कळेना, म्हणून समोर दिसली ती झाडांची ओळ धरली. झालं! पोराच्या छपराची झाडं देशाची हद्द होऊन बसली. वरच्या बाजूने पन्नास पावलांच्या आत कुणी फिरकायचं नाही, फिरकलात तर बंदूक आहे.

गावच्या पंचांनी मग आपलाही हात दाखवला. पाटाचं खालचं दार बंद! तेरेकलीला थेंबभर पाणी जाता कामा नये. तेरेकलीने उलट रस्ता बंद केला. फिटंफाट.

आणि तरी ती झाडं जगली. कशी जगली, हेच हकनझरला कळत नव्हतं.

त्याला कळू नये म्हणजे कमालच, कारण तो गावचा पाटकरी होता. बापही पाटकरी. डोंगरातून निघालेला थेंब कुणाच्या चारीत गेला नि कुणाच्या वाफ्यात मुरला हे त्याला तोंडपाठ. पाऊस तिथे नावाला. पॉपलर म्हणजे तर पाण्याचा खादाड, दोन उन्हाळे कोरडे गेले की सरपण. दार बंद झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात शेंडे पिवळे पडले, तेव्हा हकनझर दारात बसून लहान पोरासारखा रडला होता. पण ऑगस्टात शेंडे पुन्हा हिरवे झाले. दुसऱ्या वर्षी झाडं वीतभर वाढली, तिसऱ्या वर्षी हातभर. वरून त्यांना पाणी जात नाही, आभाळातून पडत नाही. मग पितात काय, हवा?

"ख्वाजा खिज्र येतात," त्याची आई सानवबर म्हणायची. "पाण्याचे पीर ते, हिरवा झगा घालून येतात. ते जिथे पाऊल ठेवतात तिथे वाळकं लाकूड फुटतं. आपल्या सियोवुशवर त्यांची मर्जी आहे, डोळे मिटून गप मान की."

हकनझर काही एवढा भाबडा नव्हता. पण संध्याकाळी उन्हात ती बावीस झाडं सळसळायला लागली, पानांच्या पांढऱ्या पाठी चमकायला लागल्या, की त्याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा आणि हात आपोआप छातीवर जायचा. काहीतरी मोठं आपल्या दारासमोर रोज घडतंय आणि आपण त्या लायकीचे नाही, असं त्याला वाटायचं.

लायकीचे नाही असं वाटायला कारणही होतं. तो शुक्रवारच्या नमाजाला जात नसे.

सगळा गाव मशिदीत, आणि पाटकरी घरी. विचारलं की म्हणायचा, गुडघा. "हा गुडघा शुक्रवारीच बरा दुखतो!" बायको, शरोफत, टोमणा मारायची. "गुरुवारी बाजारात तर हरणासारखा पळत होता." इमामसाहेब तर भर चौकात म्हणाले होते, "हकनझर, कयामतच्या दिवशी तुझा गुडघाच तुझ्याविरुद्ध साक्ष देईल." हकनझर खाली मान घालून ऐकून घ्यायचा. सांगणार काय, कपाळ?

खरं ते असं होतं. सरजूयमध्ये पाटकरी निवडतात तेव्हा त्याला पाटात गुडघाभर पाण्यात उभा करतात, त्याच पाण्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा खाऊ घालतात आणि वदवून घेतात : मी टोकापासून मोजीन. पाण्याची पाळी मोजायची ती शेवटच्या माणसापासून, पहिल्यापासून नव्हे. पहिल्याला काय, तो न सांगता पितो. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलं की तिथला माणूस मूठभर ओली माती घेऊन चालत वर येतो, ती पाटकऱ्याच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "पोचलं." मग पाटकरी म्हणतो, "पाळी संपली," आणि पाटाच्या दाराची फळी खाली सोडतो. माती हातात पडेपर्यंत पाळी संपत नाही, मग मध्यरात्र होवो की पाऊस येवो.

या पाटाचा शेवटचा माणूस म्हणजे तेरेकलीचा एसेनकुल. आधी त्याचा बाप, मग तो. हकनझरच्या हातावर त्याने किती वर्षं माती ठेवली असेल! पंचांनी दार बंद करायला लावलं तेव्हा हकनझर काही बोलला नाही. मेहुण्याचं दुकान अजून धुमसत होतं, बोलणार कुठल्या तोंडाने? पण पहिल्याच शुक्रवारी सगळा गाव मशिदीत गेल्यावर तो पाटावर गेला आणि त्याने फळी वीतभर उचलली. नमाज संपायच्या आत खाली सोडली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. दर शुक्रवारी, पाट वाहता असेतो, नऊ वर्षं. पाणी खाली कुठे जातं, कोण पितं, की वाटेतच मुरतं, हे त्याला कधी कळलं नाही. पाट तेरेकलीच्या गल्लीतून वळसा घेत जायचा, तासाभराचं पाणी झाडांपर्यंत पोचेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. माती घेऊन कुणी वर आलं नाही. येणार तरी कसं?

आता सियोवुश बावीस वर्षांचा. रशियात दुसऱ्यांची घरं बांधत होता. शरदात त्याचं लग्न ठरलं होतं. हकनझरने नव्या घराच्या भिंती उभ्या केल्या होत्या, पण वर मोकळं आभाळ. रस्ता बंद, बाहेरून लाकूड येत नाही, आणि आलं तरी परवडत नाही. मुलीचा बाप आला, त्याने मान वर करून आभाळ पाहिलं आणि म्हणाला, "हकनझर अका, माझी लेक काय चांदण्या मोजत झोपणार? छप्पर चढवा, मग बोलू." हे एक वेळ चाललं असतं. पण फोनवर सियोवुश म्हणाला, "ददाजान, छपराचं जमत नसेल तर राहू द्या. मला इथे खोली मिळतेय. मी इथेच राहतो म्हणतो." अगदी शांतपणे म्हणाला. पोरगा चिडला असता तर बरं होतं. जे असं शांतपणे जातात ते परत येत नाहीत, हे सरजूयमध्ये घरोघरी माहीत होतं. हकनझरने फोन ठेवला आणि त्या रात्री जेवला नाही.

तशातच नवा नकाशा आला. दोन्ही सरकारांचं जमलं, हद्द पक्की झाली, गावात मिठाई वाटली गेली. बंद रस्ताही हिवाळ्यानंतर उघडणार म्हणे. फक्त खालच्या अंगाला रेघ वीस पावलं वर सरकली आणि बावीस पॉपलर तिकडे गेले. शुक्रवारी तीन वाजता खांब रोवायचे, तारा ओढायच्या.

हकनझर चौकीच्या कप्तानाकडे गेला. पाया पडायचाच बाकी राहिला. कप्तान तसा माणूस बरा. म्हणाला, "शुक्रवारी बारा ते तीन. तेवढ्यात पाडशील ती झाडं तुझी. तीन वाजून एक मिनिट झालं की ती परदेशी."

शुक्रवारी बारा ते तीन! बाकीच्या सहा दिवसांना काय धाड भरली होती? गावातले चारजण मदतीला येतो म्हणाले, पण नमाज झाल्यावर. तोवर त्याचा तोच. हकनझरने रात्रभर विचार केला. फळी उचलायला गेलं तर जाऊन-येऊन तास गेला. एका तासात तीन-चार झाडं तरी पडतील. छपराला निदान अकरा तरी तुळया हव्यात. शेवटी म्हणाला, नऊ वर्षांत एका शुक्रवारी खाडा पडला तर काय आभाळ कोसळतंय? कोण वाट बघतंय तिकडे?

बाराच्या ठोक्याला तो कुऱ्हाड आणि करवत घेऊन खाली उतरला. मिशाळ हवालदाराने कप्तानाची चिठ्ठी पाहिली, "जा, पण शिंकूसुद्धा नको तिकडे," म्हणाला आणि सावलीत टेकला.

पन्नास पावलं. हकनझरने ती मोजली नाहीत, पण चाळिसाव्याला त्याचे पाय आपोआप मंदावले. दारातून दिसायची ती झाडं निराळी. ही समोर उभी होती ती पार आभाळात गेलेली. त्याने टोपी सावरून वर पाहिलं. पाहतच राहिला. तेरा वर्षांची सोडली होती, तेव्हा दोन्ही मुठींत मावणाऱ्या खोडांची पोरं होती. आता पहिल्याच खोडाला मिठी मारली तर हाताला हात जेमतेम लागला. साल थंड होती. कान लावला तर आत उंचावरच्या वाऱ्याचं घुमणं ऐकू येत होतं. "या अल्ला," तो पुटपुटला, "एवढी मोठी केलीस!" आणि त्याचे डोळे भरून आले.

मग त्याने खाली पाहिलं.

प्रत्येक झाडाला आळं होतं. गोल, नीट बांधलेलं, आतली माती खुरपून भुसभुशीत केलेली, तणाचं एक पातं नाही. एका आळ्यातून दुसऱ्यात जाणारा बोटभर उताराचा पाण्याचा दंड. पाटकऱ्याच्या नजरेला ते काम एका क्षणात कळलं : हा उतार डोळ्यांनी नाही, पायांनी मोजलेला आहे, कित्येक वर्षं चालून. दंड कुठून येतो पाहिलं तर एसेनकुलच्या मागच्या भिंतीतल्या मोरीतून. आणि पहिल्या आळ्याच्या कडेला, जिथे बसायला एक दगड होता, तिथे सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा ढीग. ख्वाजा खिज्र सूर्यफुलाच्या बिया खातात हे हकनझरला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तो तसाच उभा राहिला. डोकं चालेना. मग घड्याळ बघितलं, साडेबारा होऊन गेले होते. आश्चर्य करायला पुढे जन्म पडलाय, आधी झाडं. त्याने बिस्मिल्ला म्हणून कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव घातला.

"ए! कोण आहे रे तो चोर? ठेव कुऱ्हाड खाली!"

भिंतीवर आधी जाड लोकरी नमद्याची उंच पांढरी टोपी आली, मग पिकलेली दाढी, मग तिखट डोळे.

"एसेनकुल?"

"नझर?" टोपी थोडी मागे गेली. "अरे, म्हातारा झालास की रे!"

"आणि तू काय नवरदेव दिसतोयस?"

एसेनकुलने घाव पडलेल्या खोडाकडे पाहिलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"तोडतोयस?"

"सियोवुशचं छप्पर आहे. तीनला तारा पडतात. माझी झाडं आहेत, तुझ्या का पोटात दुखतंय?"

"तुझी! मोठा आला. लावायची आणि पळून जायचं."

"बंदूक होती पन्नास पावलांवर. काय गोळी खाऊन पाणी घालू?" हकनझरचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "एसेनकुल, खरं सांग. यांना पाणी कोण घालतं?"

"कोण घालणार? तुझा आजा? मीच."

"पण पाणी कुठलं? तुमच्याकडे तर आम्ही थेंब…"

एसेनकुलने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवर कोपर टेकले आणि आवाज खाली आणला. "हसशील."

"नाही हसत."

"दर शुक्रवारी ख्वाजा खिज्र पाणी सोडतात."

हकनझर हसला नाही.

"खोटं सांगत असेन तर जीभ झडो. वर तुमच्या मशिदीत बांग झाली की थोड्या वेळाने इथला पाट ओला होतो. तासभर पाणी. नमाज संपला की बंद. नऊ वर्षं, एक शुक्रवार चुकला नाही. दार तुमच्या पंचांनी बंद केलंय हे आम्हाला माहीत नाही का? आणि तू पाटकरी, तू तर असा दगड की मरत्या आईला पाणी देणार नाहीस, रोज सकाळी तुला शिवी घातल्याशिवाय मी चहा पीत नाही. मग हे पाणी येतं कुठून? वरून! आमची गल्लीच्या गल्ली शुक्रवारी नमाज बुडवून फावडी घेऊन दारं धरून बसते. मुल्ला शिव्या देऊन देऊन थकला. आम्ही म्हणतो, मुल्ला, तू खुदाचं नाव घे, आम्ही त्याच्या पाहुण्याला भेटतो. पंधरा घरं. घरटी चार मिनिटं. तेवढ्यावर जर्दाळू जगवले, गाय जगवली."

"आणि ही झाडं?"

"माझ्या चारातली दोन मिनिटं यांना."

"का पण?" हकनझर जवळजवळ ओरडलाच. "तुझे जर्दाळू तहानलेले असताना? का?"

एसेनकुलला या प्रश्नाचा राग आला असावा. त्याने मोठ्याने नाक शिंकरलं. "का म्हणजे? फांद्या माझ्या होत्या. आणि ख्वाजांचं पाणी एकट्याने प्यायलं तर आटतं. आणि…" त्याने झाडांकडे पाहिलं. "मला पाच मुलीच. माझ्या दारात पोराची झाडं कधी लागलीच नाहीत. म्हटलं, ही आपल्या भिंतीला लागून आहेत, तर असू देत."

वारा आला आणि बावीसच्या बावीस झाडं डोक्यावर वाजली.

"पण आज ते आले नाहीत," एसेनकुल म्हणाला. "बांग होऊन किती वेळ झाला. पाट कोरडा ठणठणीत. सगळी गल्ली बसून आहे. बायका म्हणतात, आपल्या हातून काही पाप घडलं. आता कळलं मला. तू कुऱ्हाड घेऊन आलास, म्हणून ते रागावले."

हकनझरच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली. त्याचे गुडघे खरोखरच, अगदी खरोखरच, गेले आणि तो त्या टरफलांच्या ढिगाशेजारी दगडावर मटकन बसला. वीतभर फळी. तासभर पाणी. लोकांच्या शिव्या खात, चोरासारखं, कुणासाठी ते ठाऊक नसताना सोडलेलं. पंधरा तहानलेली घरं ओलांडून ते इथे आलं होतं, त्याच्याच पोराच्या मुळाशी. तो आयुष्यभर पाणी वाटत आला होता आणि पाणी काय चीज आहे हे त्याला आज कळत होतं. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"रागावले नाहीत रे," तो म्हणाला. "ख्वाजांचा गुडघा दुखतोय."

"काय?"

"ते इथे बसलेत. लाकूड तोडायला आले, म्हणून फळी उचलायला कुणी गेलंच नाही."

एसेनकुल त्याच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचं एकेक काहीतरी गळून पडलं. त्याने हळूच टोपी काढली. डोकं पार टकलं झालं होतं.

"तू?" तो म्हणाला. "नऊ वर्षं मी दुवाही तुलाच देत होतो आणि शिव्याही तुलाच."

"दोन्ही पोचलं," हकनझर उठत म्हणाला. त्याने झाडांकडे पाहिलं. एक वाजायला आला होता. आत्ता वर गेलं तर परत येईपर्यंत दोन वाजून जाणार. चारजण आले तरी अकरा झाडं काही व्हायची नाहीत. सियोवुशचा तो शांत आवाज त्याला आठवला. पण खाली पंधरा घरं फावडी घेऊन बसली होती, आणि त्याने भर पाटात उभं राहून तो तुकडा खाल्ला होता.

"दारं धरून बसा म्हणावं," तो म्हणाला. "येतंय पाणी." आणि चढाला लागला.

हवालदार मागून ओरडला, "अहो, झाडं कोण तोडणार?" त्याने वळून पाहिलं नाही.

पाटाच्या दारापाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. फळी नेहमी वीतभर उचलायची, कान मशिदीकडे ठेवून. आज त्याने ती दोन्ही हातांनी धरली, खाचेतून उपसून काढली आणि पाटात फेकून दिली. पाणी क्षणभर बिचकल्यासारखं झालं, मग मोकाट सुटलं. फळीही त्याच्याबरोबर गडगडत खाली गेली.

नमाज संपला होता. लोक बाहेर येत होते आणि पाटाचा आवाज ऐकून थबकत होते. गावचे मुखिया पुढे आले, मागे इमामसाहेब.

"हकनझर! हे काय केलंस?"

"जे दर शुक्रवारी करतो तेच. आज जरा जास्त केलं." त्याला वाटलं होतं, आपली पाचावर धारण बसेल. पण तसं काही झालं नाही. "नऊ वर्षं मीच सोडतोय पाणी. गुडघा माझा ठणठणीत आहे, इमामसाहेब, साक्ष द्यायला कधीही बोलवा. आता काय करायचं ते करा, पण आधी खाली चला. माझी झाडं बघायला चला."

मुखियांनी तोंड उघडलं, पण हकनझर तोवर चालायला लागला होता. आणि लोकांना शिव्या द्यायच्या असल्या तरी त्याच्यामागे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळी मशीद त्याच्यामागे उतरणीला लागली.

वळणावर आल्यावर त्याने समोर पाहिलं आणि त्याचा पाय पुढे पडेना.

आभाळ मोकळं होतं. नऊ वर्षं ज्या ओळीने आभाळ अडवलं होतं, ती ओळ नव्हती. एक क्षण त्याला वाटलं, संपलं, तीन वाजले. मग यांत्रिक करवतीची घरघर ऐकू आली. तेरेकलीची सगळी गल्ली भिंतीवरून उतरली होती. पंधरा घरांची माणसं, कुणी करवत, कुणी कुऱ्हाड, कुणी नुसते खांदे. शेवटचं झाड त्याच्या डोळ्यांदेखत कलंडलं, आणि जमिनीवर पडायच्या आत दहा हात वर गेले. फांद्या छाटल्या गेल्या, साल सोलली गेली, आणि तो लांबच्या लांब पांढरा सोट खांद्याखांद्यावरून वीस पावलं पार करून इकडे आला. तिकडचा शिपाई बंदूक पाठीवर टाकून एका टोकाला खांदा देत होता. दुसऱ्या टोकाला मिशाळ हवालदार होता. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. सरजूयच्या जमिनीवर एकवीस सोट ओळीने निजले होते, ओले, चकचकीत. बाविसावा त्यांच्याशेजारी ठेवला गेला.

सरजूयचे लोक उतारावर उभे राहिले. मुखियांच्या हातातली जपमाळ थांबली होती. इमामसाहेब हळूच म्हणाले, "सुभानल्ला." खांब घेऊन आलेली जीप कधी येऊन थांबली ते कुणालाच कळलं नाही. मोजणीवाला साहेब दारात एक पाय बाहेर ठेवून तसाच बसला होता.

एसेनकुल पुढे आला. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, काखेत एक फळी.

"बुडखे ठेवलेत," तो हकनझरला म्हणाला. "पॉपलर बुडख्यातून फुटतं. नातवाचं छप्पर होईल. पाणी मी घालीन." मग काखेतली फळी त्याने मुखियांपुढे धरली. "आणि हे तुमचं दार वाहत आमच्याकडे आलं. परत हवंय?"

मुखियांनी फळीकडे पाहिलं. त्या बावीस सोटांकडे पाहिलं.

"सियोवुशच्या छपरात कुठेतरी ठोका ती," ते शेवटी पुटपुटले. "पाटाला नको."

मोजणीवाल्याने घसा खाकरला. तीन वाजत आले होते. एसेनकुल जिथे खांब रोवायचा होता त्या चुन्याच्या खुणेच्या पलीकडे उभा राहिला. त्याची डावी मूठ अजून मिटलेली होती.

"नझर. हात कर."

हकनझरने हात पुढे केला. एसेनकुलने मूठ उघडली आणि त्याच्या तळहातावर ओल्या मातीचा गोळा ठेवला. गार, काळी, पाणी निथळणारी माती.

"पोचलं," एसेनकुल म्हणाला.

आता रीतीप्रमाणे पाटकऱ्याने पाळी संपवणारे दोन शब्द म्हणायचे असतात. सगळा गाव ते ऐकायला थांबला होता. हकनझरने तोंड उघडलं, पण ते दोन शब्द त्याच्याने म्हणवेनात. त्याने माती मुठीत घट्ट धरली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि वरून, उघड्या दारातून, पाट वाहतच राहिला.